किती एमएल

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक तरुण मुलगा उभा होता. हेल्मेट डोक्यावरच, काच वर केलेली, आणि हेल्मेटच्या फटीत फोन खुपसलेला. पलीकडे बायको असावी. "हो गं, घेतलं. तेच आहे, गुलाबीच आहे," असं तो तिला सांगत होता. काउंटरवरच्या पोऱ्यानं तापाच्या औषधाची बाटली कागदी पाकिटात सरकवली, ह्यानं मोबाइलवरून पैसे दिले आणि वळता वळता फोनवर म्हणाला, "पाच एमएल ना? मागच्यासारखंच. दहा महिन्यांच्या पोराला पाचच." पाकिटात जाण्याआधी बाटलीवरचा आकडा मला दिसला होता. २५०. एवढ्या लहान बाळाला डॉक्टर बहुधा १२० चं लिहून देतात, आणि "मागच्यासारखंच पाच" हे त्या १२० च्या बाटलीचं माप असणार. "अहो दादा, एक मिनिट" हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत गाडी चालू झाली होती. माझा आवाज काउंटरवरच्या पंख्यात विरून गेला.

मी टूथपेस्ट घेतली, घरी आले, कुकर लावला. शिट्ट्या मोजायचं राहून गेलं आणि भाताचा लगदा झाला.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पॅरासिटामॉलच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दर पाच मिलीत औषध किती. एका बाटलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीत २५०. ड्रॉपरवाल्या छोट्या बाटलीत तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. नाव तेच, वास तोच, चवीला तिन्ही गोड. साडेआठ किलोच्या बाळाला १२० चं पाच मिली बरोबर बसतं. तेच पाच मिली २५० चं दिलं तर दुप्पट जातं. एक डोस जास्त गेला म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही बहुधा, पण ताप उतरेना म्हणून दिवसातून चार-चार वेळा, तीन-चार दिवस तेच माप जात राहिलं तर ते लिव्हरवर येतं. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. बाळंतपणाच्या वर्गातही नाही. हे मला एका रात्री, पावणेदोन वाजता, फोनवर कळलं.

२०२१ चा एप्रिल होता. आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये. बाल्कनीतून मुंबई-आग्रा हायवे दिसत नाही, पण ऐकू येतो. त्या दिवसांत रात्री ट्रकांचा आवाज कमी आणि अँब्युलन्सचा जास्त. द्वारका चौकाकडून येणारी कुठली आणि पाथर्डी फाट्याकडून येणारी कुठली, हे मला आवाजावरून कळायला लागलं होतं. राज्यात रोज साठ हजारांच्या वर पेशंट निघत होते. नवऱ्याचा ऑक्सिजन ९३ वर आला आणि त्याला बेड मिळायला दीड दिवस लागला. तो गेला तेव्हा लिफ्टपाशी उभं राहून त्यानं लेकीला लांबूनच हात केला. ती साडेतीन वर्षांची होती. तिला वाटलं बाबा ऑफिसला चालले. दुसऱ्याच दिवशी मी फोडणी टाकली आणि मला मोहरी-हिंगाचा वास आला नाही. तेलात हिंग जळतोय हे डोळ्यांना दिसत होतं, नाकाला काहीच नाही. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आता घरात मी, ती आणि तो विषाणू, एवढेच.

तिला कुठे पाठवणार? आई सिन्नरला, तिला शुगर. सासूबाई पंच्याहत्तरीच्या. शेजारच्या काकू दारात डबा ठेवून, बेल वाजवून मागे सरायच्या. "बाधित आईने मुलापासून अंतर राखावे" असं एका पत्रकात छापलेलं होतं. जिला अजून शू झाल्यावर धुवून द्यावं लागतं तिच्यापासून अंतर कसं राखायचं, हे त्यात नव्हतं. तान्ह्या बाळाला आईनं मास्क लावून, हात धुऊन पाजत राहावं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर मी टेकले. अंगावर पाजायला चालतं तर भात भरवायला का नाही चालणार, असा माझा हिशेब. मग मी दिवसरात्र मास्क लावून तिच्याभोवती वावरायला लागले. दुसऱ्या रात्री अंधारात तिचा हात माझ्या मास्कवर आला. "आई, तुझं तोंड दाखव ना एकदा." मी नाही दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्याच्या पुढच्या रात्री तिचं अंग तापलं.

काखेत थर्मामीटर, १०२.४. औषधांच्या डब्यात दोन बाटल्या होत्या. एक जुनी, झाकणाशी साखर जमलेली. दुसरी काकूंनी आदल्या दिवशी डब्याबरोबर ठेवलेली, "असू दे घरात" म्हणून. दोन्हींवर वेगवेगळे आकडे. माझा फोन तेव्हा माहितीनं तुडुंब भरलेला होता. रेमडेसिवीर कुठे मिळेल त्याच्या याद्या, सिलिंडरवाल्यांचे नंबर, प्लाझ्मासाठी विनंत्या, पालथं कसं झोपायचं त्याची चित्रं, डबल म्युटंटवर कुणाचं तरी पाऊण तासाचं भाषण. चौदा किलोच्या पोरीला ह्या बाटलीतलं किती द्यायचं, हे कुठेच नव्हतं. आणि ती चौदा किलोची आहे हेसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हतं. मी प्ले-स्कूलच्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं. रात्रीचा दीड वाजलेला, तरी पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली, कारण त्या महिन्यात कुणीच झोपत नव्हतं. पाच एमएल. साडेसात. आमच्याकडे अर्धी गोळी चुरून देतो. औषध देऊच नका, ताप विषाणूला मारतो. आयबुप्रोफेन चुकूनही नको, त्यानं करोना वाढतो. हे शेवटचं कुठून आलं ते मला नंतर कळलं. २०२० च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी तसं म्हटलं होतं, काही दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला आधार नसल्याचं सांगितलं, पण पहिलं वाक्य आमच्या ग्रुपपर्यंत पोचलं आणि दुसरं वर्षभरानंतरही वाटेतच होतं. त्या बायांवर मला राग नाही. प्रत्येकीनं आपल्या उशाशी असलेलं मला दिलं. पण नऊ उत्तरं वाचून झाल्यावर माझ्या हातातला चमचा जास्तच थरथरायला लागला.

मग मी आमच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. झोपेचा मागमूस नाही आवाजात.

"वजन किती?"

"माहीत नाही मॅडम."

"घरात काटा आहे? मग तिला कडेवर घे आणि काट्यावर उभी राहा. आकडा सांग. आता तिला ठेव, एकटी उभी राहा. आता सांग." अडुसष्ट. चोपन्न. "चौदा. बाटलीवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. नाव नको, आकडा वाच. हां, २५०. त्यातलं चार एमएल दे. परत ताप चढला तरच पुन्हा, आणि दोन डोसांत सहा तास जाऊ देत. लिहून घेतेयस ना?" मी लाइटच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. "दिवसा खेळली का? पाणी पितेय का? शेवटची शू कधी झाली?" मी सांगितलं, दुपारी भातुकली मांडली होती, पेज प्यायली, झोपायच्या आधी शू झाली. "मग आज रात्री तुला घाबरायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी "काळजी करू नका" असं म्हटलं नाही, ते तर सगळेच म्हणत होते. आज रात्री, असं म्हणाल्या. माझी मुदत त्यांनी सकाळपर्यंत आणून ठेवली. तेवढी मला झेपणार होती.

नंतर कधीतरी कळलं, त्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या घरात तिघं पॉझिटिव्ह होते.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. काळारामाचं मंदिर भाविकांना बंद, रस्त्यावर शुकशुकाट, आईनं सिन्नरहून फोनवर पाळणा म्हटला आणि मी तो स्पीकरवर लावला. दुपारी टीव्हीवर आमच्याच गावातल्या एका रुग्णालयाचं नाव यायला लागलं. ऑक्सिजनच्या टाकीला गळती. पांढरा धूर, पळणारी माणसं. नवरा तिथे नव्हता, दुसरीकडे होता, तरी माझे पाय गेले. मी त्याला फोन केला, त्यानं उचलला, धापा टाकत "मी ठीक आहे" म्हणाला, आणि मी फोन ठेवल्या ठेवल्या ऑक्सिमीटर घेऊन लेकीच्या बोटाला लावला. का, ते सांगता येणार नाही. घरात ज्याला ज्याला फुप्फुसं होती त्या सगळ्यांचा आकडा मला त्या क्षणी हवा होता. ८६ दाखवलं. मी बोट बदललं. ८१. मग नुसत्या रेघा. मी किंचाळले असणार, कारण खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं?" असं ओरडून विचारलं.

पुन्हा डॉक्टरबाई. ह्या वेळी त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. "मला तिचे ओठ दाखव. गुलाबी आहेत. काय करतेय ती आत्ता?" ती त्या वेळी ऑक्सिमीटरचा लाल दिवा बघायला मिळावा म्हणून माझा हात ओढत होती. "अगं, ते यंत्र मोठ्या माणसाच्या बोटाचं आहे. तिच्या बोटात ते सैल बसतं, ती हात हलवतेय, आकडा खोटा येतो. बाजूला ठेव ते. तिचा फ्रॉक वर कर. झोपली की पोटाकडे बघ आणि श्वास मोज. वर गेलं, खाली आलं, एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट नाही करायचं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला चाळीस किंवा वर गेले तर मला फोन. बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला तर फोन नको, सरळ दवाखाना."

त्या दुपारी ती झोपल्यावर मी तिच्या शेजारी बसले. पडदे ओढलेले, कूलरचा आवाज, खिडकीतून येणारी उन्हाची एक पट्टी तिच्या पोटावर. बेंबीशी काजळाचा पुसट डाग. मोबाइलवर सेकंद पळताहेत आणि मी मोजतेय. चौतीस. पुन्हा मोजलं, छत्तीस. पुन्हा, चौतीस. तापात श्वास थोडा वाढतोच, तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. किती तरी दिवसांनी माझ्या हातात काहीतरी होतं जे कुणी फॉरवर्ड केलेलं नव्हतं, जे मी स्वतः बघत होते. रात्री आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या आशाताई हेच करतात, न्यूमोनिया बघायला येतात तेव्हा बाळाचं झबलं वर करून घड्याळ लावून बसतात. म्हणजे सिन्नरच्या वाड्यावस्त्यांवर दहावी शिकलेल्या बाईला जे येत होतं ते शहरात शिकलेल्या, दोन-दोन स्मार्टफोन असलेल्या मला येत नव्हतं. त्याच आशाताई आदल्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी घरोघरी फिरल्या होत्या. आमच्या सोसायटीतही अशाच एक ताई आल्या होत्या. आम्ही त्यांना फाटकाबाहेर उभं करून, सॅनिटायझर मारून, दोन मिनिटांत वाटेला लावलं होतं. त्यांना बसवून पाणी दिलं असतं, चार गोष्टी विचारल्या असत्या, तर? हे मला अजून टोचतं.

एक गोष्ट मी डॉक्टरबाईंपासून दोन दिवस लपवली होती. कापराची पुरचुंडी. कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीचे दोन थेंब फडक्यात बांधून हुंगलं की ऑक्सिजन वाढतो, हा निरोप त्या एप्रिलात प्रत्येक फोनवर होता. आईनंही सांगितलं होतं. मी छोटी पुरचुंडी शिवून सेफ्टी पिननं लेकीच्या पेटीकोटला अडकवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाठ सुटलेली आणि तिच्या मुठीत कापराची वडी. खडीसाखर समजून ती तोंडाकडे नेत होती. मी झडप घातली. डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोटात गेला नाही ना, नक्की? कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर फिट येऊ शकते. थोडासाही." मी आईला त्यातलं काही कळवलं नाही. पुरचुंडी हरवली म्हणाले. तिनं ती सुचवली होती, कारण सत्तर किलोमीटर असो की सत्तावीस, तिला इथे येता येत नव्हतं आणि काहीतरी पाठवायचं होतं. मीही ती शिवली ते ह्याच कारणानं. हाताला काम पाहिजे होतं. वाफ देण्याचंही तसंच. मोठ्यांचं बघून लहानांनाही उकळत्या पातेल्यावर वाकवत होते लोक, आणि त्यात भाजलेली मुलं दवाखान्यांत येत होती.

चौथ्या दिवशी तिचा ताप गेला. बाराव्या दिवशी नवरा आला, बारीक होऊन, जिन्यावर दोनदा थांबत. तिसऱ्या मजल्यावरचे काका मात्र आले नाहीत.

वाटलं होतं, आता सुटलो. पण मे उजाडला आणि "तिसरी लाट लहान मुलांना" हे वाक्य घरात शिरलं. कुणी म्हटलं, कशावरून म्हटलं, कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्यांना लस मिळतेय, लहानांना नाही, म्हणून आता त्यांची पाळी, असा सरळ तर्क, आणि भीतीला सरळ तर्क लगेच पटतो. राज्यानं मुलांसाठी वेगळा टास्क फोर्स नेमला, डॉ. सुहास प्रभू त्याचे प्रमुख. योग्यच होतं ते, तयारी करायलाच हवी. पण बातमीत मुलांचे वॉर्ड, मुलांचे व्हेंटिलेटर, भिंतींवर काढलेली कार्टून दिसायला लागली आणि आमच्यासारख्यांनी त्यातून एवढंच वाचलं की हे सगळं आपल्या पोरांसाठी चाललंय. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याच महिन्यात सांगितलं होतं की तिसरी लाट मुख्यतः मुलांवरच येईल असं मानायला आधार नाही, लागण झालेल्या बहुतेक मुलांना सौम्य आजार होतो. हे पत्रक इंग्रजीत होतं. जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांना रेमडेसिवीर नको, सौम्य आजारात स्टेरॉइड नको, पाच वर्षांखालच्यांना मास्कची गरज नाही, सीटी स्कॅन ऊठसूट नको. पॅरासिटामॉलचं मापही त्यात होतं, किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम. मला एप्रिलमध्ये हवी असलेली ओळ. ती जूनमध्ये आली आणि तीही इंग्रजी पीडीएफच्या पोटात. मराठीत येत होतं ते वेगळंच. विलगीकरण की अलगीकरण, गृह की संस्थात्मक, ह्यात आम्ही वर्षभर अडखळलो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मला विचारायच्या, "ताई, ते विलगी म्हंजे दवाखान्यात नेत्यात का घरी कोंडत्यात?" त्यांना हे नीट सांगणारा कागद मी शेवटपर्यंत पाहिला नाही.

त्या मेमध्येच, तिचा पहिला ताप जाऊन महिना होत आला असताना, तिला पुन्हा ताप आला. आणि आता मला एमआयएस-सी माहीत होतं. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांना तो त्रास होतो, ताप, अंगावर लाल पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, जीभ स्ट्रॉबेरीसारखी. दुर्मिळ असतो, पण वेळेवर उपचार लागतात, कारण हृदयाला धोका असतो. ही माहिती खरी होती, उपयोगाचीही होती. तरी त्या दोन रात्री तिनं मला जाळलं. मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये लेकीची जीभ बघायची, तळवे बघायची, पापणी ओढून डोळ्यांच्या कडा बघायची. डास चावलेला ठिपका दिसला तरी बोट ठेवून दाबून बघायची. तिसऱ्यांदा "आ कर" म्हटल्यावर ती रडायला लागली. "मी काही नाही केलं," म्हणाली. तिला वाटलं, मी तिच्या तोंडात चोरून खाल्लेलं काहीतरी शोधतेय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तीन दिवस ताप राहिला, नाहीतर ह्यातलं एकही लक्षण दिसलं, तर घेऊन ये, रक्त तपासू. तोवर तिला झोपू दे. आणि तूही झोप." दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, नाक वाहायला लागलं. साधी सर्दी. साध्या सर्दीवर मी इतकं प्रेम कधी केलं नव्हतं.

कधी कधी वाटतं, आम्हाला निदान एक नंबर होता. मावशींच्या सुनेला तोही नव्हता. तिचं बाळ २०२० च्या जानेवारीतलं. सहा आठवड्यांची लस झाली आणि मग दहा आठवड्यांची, चौदा आठवड्यांची, दोन्ही लॉकडाऊनमध्ये अडकल्या. अंगणवाडीतला लसीचा दिवस बंद. पुन्हा सुरू झाला तेव्हा कुणी येऊन सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ती गेली नसती. कारण वस्तीत बोलवा होता की दवाखान्यात नेलं की पोराची टेस्ट करतात आणि उचलून नेतात. मला हे कळलं २०२२ मध्ये, मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, मुलं दगावली, तेव्हा. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "आमच्या बाळ्याचं नवव्या महिन्याचं इंजेक्शन राह्यलं वाटतं." म्हणजे गोवराचं. बाळ्या तेव्हा पावणेतीन वर्षांचा. त्यांच्या घरात दोन वर्षं हात धुण्याचं, मास्कचं, वाफेचं सगळं पोचलं होतं. करोनाची धून तर त्या पोराला तोंडपाठ होती, प्रत्येक फोन लावताना वाजायची. राहिलेली लस उशिरा दिली तरी चालते, फुकट मिळते, कार्ड हरवलं असलं तरी देतात, एवढी तीन वाक्यं पोचली नव्हती. मी सुनेबरोबर महापालिकेच्या दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी एक शब्द न रागावता नवीन कार्ड केलं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तो बिलाचा कागद अजून चिकटवलेला आहे. चौदा किलो, २५० चं, चार एमएल, सहा तास. खाली वेगळ्या पेनानं, श्वास चाळीस, खड्डा, शू. चिकटपट्टी पिवळी पडली आहे. लेक आता आठ वर्षांची, पंचवीस किलोची, त्यातला एकही आकडा तिच्या कामाचा उरलेला नाही. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत नवरा तो काढायला निघाला होता. मी "असू दे" म्हटलं, त्यानंही पुढे विचारलं नाही.

गुरुवारची ती रात्र मी कूस बदलण्यात घालवली. हेल्मेटमधला तो आवाज, "पोराला पाचच". शुक्रवारी सकाळी दूध आणायच्या निमित्तानं निघाले आणि मेडिकलचं शटर वर जायची वाट बघत उभी राहिले. दुकानाचे मालक स्वतः आले होते. मी सांगितलं, काल असा असा मुलगा होता, हेल्मेटवाला, दहा महिन्यांचं बाळ, २५० ची बाटली. ओळखीचा असला तर त्याला सांगा हो. मालकांनी अगरबत्ती गणपतीपुढे खोचली, हात झटकले.

"तो ना? आला होता परत. दुकान बंद करत होतो मी, दहा वाजून गेलेले. जुनी बाटली पण घेऊन आला होता. म्हणाला, बायको देऊ देत नाहीये, आकडा वेगळा आहे म्हणतेय."

"मग? काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? आधी वजन विचारलं."